‘स्टेट ऑफ द आर्ट’ : वापरण्याचे शास्त्र

शिक्षणसंस्थांची माहितीपत्रके लिहिणारे समस्त सचिव, खजिनदार आणि त्यांचे ‘इंग्रजी बरे असलेले’ मेहुणे यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

नियम पहिला, आडव्या रेघांचा. हे शब्द नामाच्या आधी आले की हायफनने बांधावेत : ‘स्टेट-ऑफ-द-आर्ट लॅब’. मोजून तीन हायफन. नामानंतर आले, ‘अवर लॅब इज स्टेट ऑफ द आर्ट’, की तिन्ही सोडून द्यावेत. आमच्या सचिवसाहेबांचे मत वेगळे आहे. हायफन जितके जास्त, तितकी लॅब मोठी दिसते म्हणे.

नियम दुसरा : ‘द’ गाळू नये.

नियम तिसरा : आधी ‘मोस्ट’ लावू नये. कितीही मोह झाला तरी.

नियम चौथा अर्थाचा. हेन्री हॅरिसन सप्ली याने १९१० साली गॅस टर्बाइनवरच्या पुस्तकात हे शब्द वापरले, त्यात बढाई नव्हती. विद्येची मजल तूर्त इथवरच, एवढीच कबुली होती. १९७३च्या युरोपीय पेटंट कराराचे ५४वे कलम तर आणखी रोखठोक. अर्जाच्या तारखेआधी जे जे जगजाहीर झाले ते सारे ‘स्टेट ऑफ द आर्ट’, आणि त्यात जे मोडते ते नवे नव्हे. म्हणजे कायद्याच्या भाषेत आमचे सचिव दर जूनमध्ये गुळगुळीत कागदावर छापून सांगतात की, आमच्याकडे नवीन काही नाही. खरे बोलतात बिचारे.

नियम पाचवा : एका पानावर एकदाच. गेल्या खेपेस लॅब, ग्रंथालय, कँटीन करत करत हे विशेषण वाहनतळापर्यंत पोचले. वाहनतळ म्हणजे चिंचेखालची जागा. चिंच मात्र उत्तम आहे हो! भर मे महिन्यात तिच्याखाली स्कूटरची सीट चटका देत नाही. तिचा उल्लेख कुठेच नाही. अहो, ते लिहा ना!

विशेषण सुचले की वस्तूचे मॉडेल, खरेदीचे साल आणि एका यंत्रावर किती मुले बसतात, हे शेजारी लिहून पाहावे. बहुधा विशेषण आपोआप गळते. मी प्रुफात तसे लिहून दिले होते : ‘सूक्ष्मदर्शक बारा, चालू नऊ.’ साहेबांनी ते लाल शाईने खोडून वर पुन्हा तीन हायफन दिले. तेही नामानंतर.

पालकहो, फी भरण्याआधी लॅबच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, तेवढे विचारून घ्या.