एका खासदाराचा पक्ष

बेल्जियममध्ये 2001 साली फ्लेमिश, म्हणजे डच भाषक, राष्ट्रवाद्यांचा जुना पक्ष फोल्क्सयुनी फुटला. त्यातल्या कडव्या गटाला घेऊन गीर्ट बुर्ज्वा यांनी एन-व्हीए हा नवा पक्ष काढला. 2003 च्या संसदीय निवडणुकीत पक्षाचा एकच माणूस निवडून आला: वेस्ट फ्लँडर्समधून खुद्द बुर्ज्वा. पक्ष संपला, असेच सगळ्यांनी गृहीत धरले.

इझेगेम या लहानशा शहरातला हा वकील मात्र हटला नाही. पुढच्याच वर्षी ख्रिश्चन डेमोक्रॅट्सशी युती केली आणि फ्लँडर्स या फ्लेमिश प्रदेशाच्या सरकारात मंत्रिपद मिळवले. 2010 मध्ये 27 खासदार निवडून आणून एन-व्हीए देशातला सर्वांत मोठा पक्ष झाला. 2014 ते 2019 बुर्ज्वा फ्लँडर्सचे मुख्यमंत्री होते. पक्षाध्यक्षपद त्यांनी 2004 मध्येच बार्ट डे वेव्हर यांच्याकडे सोपवले होते. प्रादेशिक पक्ष कसा उभा करावा, हे या माणसाकडून शिकावे.

पण एक हिशेब राहतोच. ब्रुसेल्सला लागून असलेले लिंकेबेक हे गाव फ्लँडर्समध्ये येते, पण वस्ती बहुतांश फ्रेंच भाषकांची. त्यांना सरकारी कागद फ्रेंचमध्ये मिळण्याची कायद्याने सोय आहे. फ्लेमिश सरकारचे 1997 चे परिपत्रक म्हणते, प्रत्येक कागदासाठी दरवेळी नव्याने अर्ज करा. गावाच्या कारभाऱ्यांनी मतदानाची पत्रे थेट फ्रेंचमध्येच पाठवली. 2012 च्या निवडणुकीनंतर नगरसेवकांनी बहुमताने ज्याला नगराध्यक्ष म्हणून सुचवले, त्याची नेमणूक मंत्री या नात्याने बुर्ज्वांनी याच कारणावरून नाकारली.

नियमावर बोट ठेवून केलेला हा अन्यायच होता. फ्लेमिश लोकांनी स्वतः हा अपमान सोसला आहे. खेंट विद्यापीठात संपूर्ण शिक्षण डचमधून मिळायला 1930 साल उजाडावे लागले. ज्यांच्या आजोबांना परक्या फ्रेंच भाषेत शिकावे लागले, त्यांनी तरी शेजाऱ्याला आपल्या भाषेतल्या कागदासाठी दरवेळी अर्ज करायला लावू नये.

भाषेचा अभिमान जरूर असावा, त्यासाठी पक्षही काढावा. पण सत्ता हाती आल्यावर आपल्या राज्यातल्या अल्पसंख्याकांशी तुम्ही कसे वागता, यावरूनच तुमच्या चळवळीची किंमत ठरते. बुर्ज्वांनी पक्ष जिंकून दिला. लिंकेबेकमध्ये मात्र ते चुकले.