सातवा स्पीकर

गाण्यासाठी आणि सिनेमासाठी घरात नवे, जास्त चांगले स्पीकर घ्यायचे ठरले की चर्चा कशाची होते? उंचीची, वॉटची, किमतीची आणि ते शोकेसच्या रंगाला शोभतील का, याची. कमरेएवढे उभे घ्यावेत की शेल्फवर मावणारे, यावरून घरात दोन तट पडतात. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, मिळून सहा खोकी, हा हिशेब आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. सातव्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. तो सातवा म्हणजे खुद्द हॉल. सहाही खोक्यांचा आवाज कानापर्यंत येतो तो त्याच्या हातून, आणि हा दलाल आपलं कमिशन कापून घेतल्याशिवाय एक सूरही पुढे सोडत नाही. तेव्हा खोक्यांचा भाव करण्याआधी दलालाशी बोलून घ्यावं, असं माझं मत आहे. जुने स्पीकर गेले, गेले म्हणून ज्यांच्या नावाने ओरड चालते, त्यांतले कित्येक बिचारे निर्दोष असतात.

दलालाचं कमिशन मोजता येतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट बरोबर मावली की ती तिथेच घुमू लागते. दहा फुटांच्या अंतरात हे सुमारे ५६ हर्ट्झला घडतं, साडेनऊ फुटांत ५९ला. आता आपल्या बिल्डरांची लाडकी खोली घ्या: दहा बाय दहा, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. लांबी, रुंदी, उंची, तिघींचं जवळजवळ एकाच सुरावर एकमत. इतकं एकमत सोसायटीच्या वार्षिक सभेत चहाच्या वेळेबद्दलही होत नाही. परिणाम असा की तो सूर भिंतीलगत दणाणतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास गायब होतो. आणि आपल्याकडे सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. सोफा दोन फूट पुढे ओढलेला दिसला तर पाहुणे विचारतात, रंगकाम काढलंय का? पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि सव्वासोळा फूट लांब हॉलमध्ये त्या सुराची अर्धी नव्हे तर पूर्ण लाट मावते, म्हणून तो नेमका तिथे घुमतो. तिथे काळी एकच्या गायकाचा खर्ज फुगतो. पांढरी दोनचा गायक लावला की हॉल हात थोडा आखडता घेतो. यात रियाझ कुणाचा कमी-जास्त नाही, विटांचं माप आहे. आणि हॉलच्या सोयीने पट्टी बदला, असं गायकाला कळवायचीही सोय नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जास्त वॉटचे घेऊ, म्हणजे हॉलचं काही चालणार नाही. चालतं. अनुनादाला दुप्पट ताकद दिली की तोही तेवढाच जोरात घुमतो. शिवाय वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटावा असं असेल तर दहापट वॉट लागतात. पन्नासचे शंभर करणाऱ्याने नेमकं काय विकत घेतलं, तर बिल. नव्वदच्या दशकात पीएमपीओ नावाचे वॉट मिळायचे, तेव्हा शर्टाच्या खोक्याएवढ्या डेकवर चार आकडी ताकद छापलेली असे आणि त्याची वायर मात्र टेबल-फॅनच्या वायरीपेक्षा बारीक. ते वॉट मोजायचे नसत, वाचायचे असत. साधा बरा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती बाहेरच्या परिसराची, हे मान्य. सिनेमातल्या स्फोटांना क्षणभर जादा ताकद लागते, हेही मान्य. पण वरच्या मजल्यावरच्या काकांना खाली आणायला एक वॉट पुरतो. बाकीचे नव्याण्णव मानाचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आम्हाला कान आहेत, शोरूममध्ये ऐकून ठरवू. कान आहेतच, पण त्यांच्या शेजारी डोळे आहेत, ही अडचण. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या चाळीस कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग उघड्यावर ऐकवले. पडद्याआड एका स्वस्त, छोट्या संचाने बड्यांच्या बरोबरीने गुण घेतले. पडदा हटला आणि तो खाली घसरला, थोरामोठ्यांचे गुण वाढले. आपल्या मुद्द्याची गंमत पुढेच आहे. स्पीकर खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला की पडद्याआडच्या ऐकणाऱ्यांना फरक कळत होता. डोळे उघडे असताना तोच फरक त्यांच्या मतात जवळपास उमटलाच नाही. म्हणजे खोलीचं म्हणणं कानाला ऐकू येतं, पण समोर चकचकीत लाकूड दिसलं की मन त्याची दखल घेत नाही. शिवाय शोरूममधली खोली तुम्हाला खोक्याबरोबर देत नाहीत. दोन स्पीकर शेजारी ऐकवताना एक किंचित मोठ्याने लागला तर तोच ‘खुलून’ वाजल्यासारखा वाटतो. आधी दोन्हींचा आवाज समान करून मागा. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हॉल पाडता येत नाही, मग बोलायचं काय, असं कुणी म्हणेल. पाडायला कोण सांगतंय? सोफा पुढे ओढा. एकाने आपल्या जागी बसावं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथून आवाज उसळून येतो. तिथे पुस्तकांचं कपाट, नाहीतर घड्या घातलेला जाड पडदा. त्याने बेस आटोक्यात येत नाही. त्यासाठी सबवूफरची जागा शोधावी लागते आणि ती रीत शास्त्रशुद्ध असली तरी लाजिरवाणी आहे. सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे बेस सारखा, न फुगता ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. साठीच्या गृहस्थांनी हे दार लावून करावं. बेल वाजली तर उठून मगच उघडावं.

गाण्याला वेगळे आणि सिनेमाला वेगळे स्पीकर लागतात, हा समज दुकानांना फार मानवतो. स्पीकरला समोर मारवा चाललाय की मारामारी, हे कळत नाही. ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरवर सोपवलं की उरलेल्यांचा भार हलका होतो आणि ही वाटणी खटकतही नाही, कारण इतका खालचा सूर कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही. मग पैसे समोरच्या तिघांवर घालावेत, मागच्यांना काटकसर चालते. त्या तिघांतही मधल्यावर आधी, कारण सिनेमातले बहुतेक संवाद तोच बोलतो. आपण त्याला टीव्हीखालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि लग्नाच्या अल्बमच्या मागे ढकलतो, आणि मग हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून सबटायटल लावतो.

राहता राहिली केबल. पाच मीटर अंतराला इलेक्ट्रिशियनकडची अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर वापरली तर जाऊन-येऊन तिचा रोध होतो ०.०७ ओहम, आणि समोरचा स्पीकर असतो आठ ओहमचा. तरी लॅमिंग्टन रोडवर काय किंवा बुधवार पेठेत काय, कुणी सापाएवढी जाड, वेणी घातलेली केबल पुढे केलीच, तर तिचा भाव विचारून घ्यावा. तेवढ्या पैशांत दोन जाड सतरंज्या येतात, आणि पाहुणे आले की त्यांच्यावर झोपताही येतं.