बिलाआधी उतार

पायाला इनलाइन स्केट्स बांधून शहरातला उतार सुसाट उतरणे हा जगात रीतसर खेळ आहे. ‘वर्ल्ड स्केट’ या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत डाउनहिलला स्वतंत्र स्थान आहे आणि त्यातले खेळाडू ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातात. आपणही चाकांवर मागे नाही. 2 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेमध्ये महिला आणि पुरुष अशी दोन कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. तरीही कोल्हापूरच्या शाहूपुरीत हा खेळ रुजण्याची चिन्हे नाहीत, आणि त्याचे खापर पोरांच्या भित्रेपणावर फोडता येणार नाही. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, मागे दोघांना बसवून, एका हातात मोबाईल धरून उतार उतरणारी जमात स्केट्सला काय भिणार? अडचण रस्त्याची आहे. म्हणूनच हा खेळ तरुणांसाठी नव्हे, तर रस्त्याचे बिल मंजूर करणाऱ्यांसाठी सक्तीचा करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

कारण साधे आहे. इनलाइनचे चाक साधारण 80 ते 110 मिलिमीटर व्यासाचे, टणक पॉलियुरेथेनचे. त्यात ना हवा, ना स्प्रिंग. मोटारीला जो खड्डा कळतही नाही, तो इथे थेट गुडघ्याला कळतो. सुटलेली एक खडी माणसाला आडवे करते. सरकारदरबारी रस्त्याचा खडबडीतपणा मोजायला बम्प इंटिग्रेटर नावाचे यंत्र असते. ते किलोमीटरमागे किती मिलिमीटर धक्के बसले, हे सांगते. आकडा जितका कमी, तितका रस्ता चांगला. यंत्र प्रामाणिक असते, पण त्याला ढोपर नसते, आणि त्याचा आकडा फायलीत शिरला की कुणाला दुखत नाही. गतिरोधकांचेही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. आपल्या गल्लीत रातोरात उगवणारे उंचवटे कोणत्या काँग्रेसचे, ते स्केट्सवरचा अभियंता पहिल्याच फेरीत सांगेल.

कोल्हापूरला या परीक्षेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. सुमारे 49 किलोमीटरचे रस्ते, त्यांवर तीस वर्षांचा टोल, मग आंदोलन, जानेवारी 2014 मध्ये पेटलेले टोलनाके, आणि अखेर टोलमुक्ती. मधल्या काळात ते रस्ते नेमके किती रुपयांचे झाले हे ठरवायला समित्या बसल्या. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांना टोलविरोधात रस्त्यावर उतरावे लागले. ठेकेदार आणि अधिकारी तेव्हाच चाकांवर उतरले असते, तर मूल्यांकन एका दुपारी आटोपले असते.

आक्षेप येतील. पहिला, शाहूपुरीत उतार कुठे आहे? 2019 आणि 2021 च्या महापुराला हा प्रश्न पडला नाही. पाणी व्हीनस कॉर्नर आणि कुंभार गल्ली अचूक शोधत आले. जमिनीचा कल इतक्या खात्रीने सांगणारा सर्वेक्षक महापालिकेच्या सेवेत नाही. दुसरा आक्षेप, हे धोक्याचे आहे. निश्चितच आहे. स्केटला टाचेशी एक रबरी ठोकळा असतो, तीव्र उतारावर तो झिजून जातो. मग नागमोडी वळणे घेत किंवा मागचा पाय आडवा घासत वेग मोडावा लागतो. पण आज हाच धोका दुचाकीवरच्या शिक्षिका आणि सायकलवरची मुले विनामोबदला पत्करतात. पगार आणि टक्केवारी घेणाऱ्याला तो वर्ज्य का? तिसरा आक्षेप वयाचा आहे, तो मात्र आम्हाला मान्य आहे. निवृत्तीला आलेल्या साहेबांना आपल्या वतीने जावई पाठवण्याची मुभा द्यावी. बहुधा ठेका त्याच्याकडेच असतो.

सर्वात वजनदार आक्षेप असा की चाचणीच्या दिवशी रस्ता काचेसारखा असेल आणि आठवड्याभरात पाण्याची, गॅसची किंवा केबलची वाहिनी टाकायला तो उकरला जाईल. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचे पाणी यावे म्हणून शहराने वर्षानुवर्षे वाट पाहिली, तेव्हा खुदाईला विरोध करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. यावर उपाय एकच: चाचणी दोनदा घ्यावी, बिलाआधी एकदा आणि चर बुजवल्यावर एकदा. दुसऱ्या खेपेस चर बुजवणारा पुढे आणि परवानगीवर सही करणारा त्याच्या मागे, कंबर धरून. पावसाळ्यात मार्ग तेवढा बदलावा लागेल. शहरातल्या परीख पुलाखाली पाणी साठते, आणि उमेदवाराला पोहता आले पाहिजे अशी अट मूळ निविदेत नाही.