संमती असावी

माझी संमती विचारण्याची आमच्या घरात पद्धत नाही. भिंतींचा रंग, दिवाळीतला मुक्काम, नवा फ्रिज, सगळं ठरल्यावर मला कळवलं जातं, तेही कुणाला आठवलं तर. त्यामुळे लॉर्ड्‌सच्या कसोटीचा वृत्तान्त वाचायला एका ब्रिटिश वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर गेलो आणि 'आम्हाला आपल्या खासगीपणाची कदर आहे' अशी पाटी अर्धा पडदा अडवून उभी राहिली, तेव्हा मला भरूनच आलं. आम्ही आणि आमचे आठशेहून अधिक भागीदार आपल्या फोनमध्ये कुकीज ठेवू का, अशी अदबीने विचारणा होती.

आठशे! माझ्या लग्नाला दोन्हीकडची मंडळी मिळून एवढी नव्हती.

ही कुकी 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने काढली, ती अगदी साध्या कामासाठी. ऑनलाइन दुकानाच्या टोपलीत गिऱ्हाइकाने काय टाकलंय हे दुकानाच्या लक्षात राहावं, एवढंच. पुढे जाहिरातवाल्यांच्या ध्यानात आलं, की टोपलीपेक्षा टोपलीवाल्यावर नजर ठेवण्यात जास्त पैसा आहे. युरोपने कायदे केले, 25 मे 2018 पासून जीडीपीआर हा विदा-संरक्षणाचा नियम लागू झाला. बक्षिसांची सोडत काढणाऱ्या एका जर्मन कंपनीने तर संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवली होती. 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने ठणकावलं, की दुसऱ्याने केलेली टिक ही संमती नव्हे. (हा निकाल मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. परिणाम शून्य.)

आता नकार द्यायचा म्हटलं तर 'सगळे स्वीकारा' हे बटण हिरवंगार, अंगठ्याखाली आपसूक येणारं. 'पसंती ठरवा' मात्र फिक्या करड्या अक्षरांत, मिणमिणतं. पंगतीत जिलबी नको असेल तर ताटावर आडवा हात धरावा लागतो आणि तरी बोटांच्या फटीतून एक पडतेच, तसला हा आग्रह. ती फटीतून पडणारी जिलबी म्हणजे 'कायदेशीर हितसंबंध' नावाचा शेजारचा कप्पा. पहिल्या कप्प्यातली सगळी बटणं आपण घाम गाळून बंद करतो, तेव्हा इथली निवांत चालू असतात. भागीदारांच्या यादीत प्रत्येकाच्या कुकीचं आयुष्यही लिहिलेलं असतं. कुणाची 390 दिवस, एका बहाद्दराची 3,650. दहा वर्षं हा माझ्यावर नजर ठेवणार! मला पुढच्या गुरुवारचं ठाऊक नसतं.

होकाराला एक टिचकी आणि नकाराला अनेक, म्हणून फ्रान्सच्या विदा-संरक्षण आयोगाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड केला, तो जानेवारी 2022 मध्ये जाहीर झाला. त्यानंतर 'सगळे नाकारा' हे बटण जरा दिसू लागलं. आपल्याकडच्या 2023 च्या विदा-संरक्षण कायद्यानेही म्हटलंय, की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, आणि संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत वाचण्याची सोय असावी. आमचे आप्पा मराठी सूचनेची वाट बघतायत. ते दुधाच्या पिशवीवरचा मजकूरही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात. भारतात एक माणूस तरी अटी वाचून संमती देईल.

गंमत म्हणजे आपण दिलेला नकार लक्षात ठेवायला संकेतस्थळ काय करतं? फोनमध्ये एक कुकी ठेवतं. कुकीज पुसल्या की नकारही पुसला जातो आणि पाटी पुन्हा हजर, तितक्याच अदबीने.

तरी मी नेटाने सगळ्यांना नाकारलं. जाहिराती काही थांबल्या नाहीत, फक्त त्या मला ओळखेनाशा झाल्या. हल्ली मला ट्रॅक्टर दाखवतात. राहतो मी ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर. पण परवा एक पन्नास अश्वशक्तीचा दाखवला, तो काही वाईट नव्हता.