वैधता संपेपर्यंत

नव्वदच्या दशकात पुण्यात चपला बाहेर काढून आत जावं लागे अशा जागा दोनच, देऊळ आणि कॉम्प्युटर लॅब. लॅबमध्ये एसी असायचा, पण तो मशीनसाठी. आम्हाला त्याचा वारा लागायचा तो प्रसाद म्हणून. एका मशीनवर दोघं बसत. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने ‘अरे, तिथे कॉमा राहिला’ म्हणायचं. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस एवढं झालं की क्लासवाले प्रमाणपत्र देत. नोकरीसाठी त्याचा फारसा उपयोग नव्हता, पण नातेवाइकांना दाखवायला ते भरपूर पुरत असे.

मग अमेरिकन कंपन्यांची सर्टिफिकेशनं आली आणि प्रकरण गंभीर झालं. परीक्षेचं केंद्र वेगळं, फी डॉलरमध्ये ठरलेली. पाकीट आणि घड्याळ लॉकरमध्ये ठेवून आत जायचं. शेवटच्या प्रश्नानंतर बटण दाबलं की पास की नापास ते तिथल्या तिथे पडद्यावर. बोर्डाच्या निकालाची वाट बघण्यात उन्हाळे घालवलेल्या आम्हा मंडळींना हा वेग सोसत नसे. नापास व्हायचं तर मनाची तयारी करायला निदान दोन महिने तरी मिळायला नकोत का?

कोणतं सर्टिफिकेशन करायचं, हे कसं ठरे? ‘मी करिअर निवडलं’ असं हल्ली मुलाखतींत लोक सांगतात तेव्हा मला गंमत वाटते. तेव्हाचा प्रश्न एवढाच असे: सध्या काय चाललंय? रविवारच्या पेपरातली जाहिरात सांगे ओरॅकल, की ओरॅकल. अमेरिकेत एडिसनला असलेला कोणाचा तरी आतेभाऊ फोनवर म्हणे जावा, की जावा. अमेरिकेने नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १९९९ साठी १ लाख १५ हजारांवर आणि २००१ पासून १ लाख ९५ हजारांवर नेली. त्या काळात हे आकडे कट्ट्यावरच्या आजोबांनाही माहीत असत. घरात मुलगी लग्नाची असेल तर जास्तच.

आम्हा तिघा मित्रांनी तीन वाटा धरल्या. एकाने कोबॉल शिकून घेतलं. १९५९ सालची ही भाषा. पण वर्ष दोनच आकड्यांत लिहिणारे जुने प्रोग्रॅम २००० साली काय गोंधळ घालतील या भीतीने जग तिच्यासाठी माणसं शोधत होतं. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री गडी कंपनीत पहारा देत बसला, आणि काहीही झालं नाही. काही झालं नाही याचं श्रेय कोणी देत नाही. ‘आता ह्याचं काय होणार’ अशी हळहळ आम्हीच पुढची दोनतीन वर्षं मिटक्या मारत केली. तो अजून कोबॉलवरच आहे. कुठल्याशा परदेशी बँकेचे हिशेब सांभाळतो आणि त्याच्याकडे आजतागायत कोणी कुठल्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण मागितलेलं नाही.

दुसऱ्याने नोव्हेलचं सीएनई केलं. त्या काळी नेटवेअर म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क आणि सीएनई म्हणजे त्याचा राजा. राज्य गेलं, राजा आता एका रुग्णालयात प्रिंटर खरेदी करतो. बरं चाललंय त्याचं.

तिसरा मी. मी मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई केलं, विंडोज एनटी ४.० वरचं. चार अनिवार्य आणि दोन ऐच्छिक अशा सहा परीक्षा. बायोडेटाच्या कोपऱ्यात तो लोगो टाकताना जो आनंद झाला तो पुढे पगारवाढीनेही दिला नाही. आनंद जिरतो न जिरतो तोच कंपनीने जाहीर केलं की विंडोज २००० आलं आहे, सबब एनटीवाल्यांची पदवी २००१ अखेर बाद. जुन्या लोकांसाठी एक खास परीक्षा काढली: चार पेपरांचा एकच पेपर, चार तासांचा, फुकट, पण आयुष्यात एकदाच देता येईल असा. फुकट म्हटल्यावर पुण्यात कोण सोडणार! तिच्यासाठी माणसांनी रजा टाकल्या, साखरपुडे पुढे ढकलले. आणि जगभर आरडाओरडा झाल्यावर ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. एनटीवाल्यांची पदवी त्यांच्याकडेच राहिली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते सगळ्यांत शहाणे ठरले. आमच्या धंद्यात हे अधूनमधून होतं.

अभ्यासाच्या तऱ्हा न्याऱ्या होत्या. झेरॉक्सच्या दुकानात ‘डम्प’ मिळत, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांची स्पायरल बाइंडिंग केलेली चोपडी. ती पाठ करून पास होणाऱ्यांना कागदी एमसीएसई म्हणत. सर्व्हर समोर ठेवला तर त्याचं पॉवरचं बटण सापडत नसे, पण प्रश्नाचे पहिले चार शब्द ऐकले की ‘उत्तर बी’. नेटवर्किंगचे सात थर लक्षात ठेवायला इंग्रजी वाक्य होतं, ‘प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे’. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, असं वर चढत ॲप्लिकेशनपर्यंत. सदाशिव पेठेतली वरणभाताची मुलं सॉसेज पिझ्झा टाकू नका म्हणून घोकत होती. त्यांतल्या बहुतेकांनी सॉसेज पाहिलेलं नव्हतं. इंटरनेट प्रत्यक्षात या सात थरांच्या आराखड्यावर चाललंच नाही, ते चाललं टीसीपी/आयपीवर, हे बऱ्याच उशिरा कळलं.

त्या सगळ्या चोपड्यांतलं आज काय उरलं, म्हणाल तर सबनेटिंग. २५६ पत्त्यांचं एक नेटवर्क घ्या, त्याचे चार तुकडे करा. प्रत्येकात ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, उरले ६२. मास्क २५५.२५५.२५५.१९२. हे १९२ कुठून आलं? १२८ अधिक ६४. एवढंच. हा भाग तेव्हा सगळ्यांत कंटाळवाणा वाटे आणि सर ‘हे जरा नंतर बघू’ म्हणत. एनटी गेलं, २००० गेलं, पुढे एमसीएसई ही पदवीच गेली, पण क्लाउडवर नेटवर्क आखताना आजही मी हाच भागाकार करतो. फरक इतकाच की अझ्युअर, एडब्ल्यूएससारखे क्लाउडवाले ते दोन धरून प्रत्येक तुकड्यातले पाच पत्ते स्वतःकडे ठेवून घेतात, तेव्हा आपल्या हाती ५९. जे टिकतं ते कोणी वेगळं विकत नाही. साहजिक आहे, दर तीन वर्षांनी त्याची फी कशी मागणार?

आमच्या घरातलं सगळ्यांत टिकाऊ प्रमाणपत्र आईचं आहे. सरकारी टायपिंगची परीक्षा, इंग्रजी ४० आणि मराठी ३०. ते लॅमिनेट करून कपाटात साड्यांखाली ठेवलेलं असतं. गोदरेजने १९५५ मध्ये सुरू केलेलं टाइपरायटरचं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं, पण आईची बोटं थांबलेली नाहीत. संगणकावर तिने एकदा नातेवाइकांची यादी करायला घेतली तर माझ्या टीममधल्या कोणालाही लाजवील असा वेग. आम्ही कीबोर्डवर जन्म काढलेली माणसं. दोन बोटांनी, फार तर चार. एवढ्या मुलाखती झाल्या, ‘टाइप करता येतं का’ हे कधी कोणी विचारलं नाही.

एकदा ऑफिसात विंडोजवरची फाइल युनिक्सवर नेली आणि प्रोग्रॅम बसला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक नको असलेलं अक्षर. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. युनिक्सला एकच पुरते. घरी येऊन वैतागून सांगत होतो तर आई म्हणाली, ‘बरोबर आहे. गाडी मागे ढकलायची आणि कागद वर सरकवायचा, ही दोन कामं आहेत. आमचा दांडा दोन्ही एकदम करायचा म्हणून तुम्हाला एक वाटतं.’ इतकं स्वच्छ मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

हल्ली भाचा सल्ला मागायला येतो. ‘मामा, अझ्युअर करू की एडब्ल्यूएस? की सरळ एआयचं काहीतरी?’

‘सबनेटिंग येतं का?’

‘ते चॅटजीपीटी करतं.’

‘ते बरोबर आहे हे कसं कळतं?’

‘त्याला परत विचारतो ना.’

त्याला उपदेश करायचा हक्क मला होता असं नाही, कारण त्याच महिन्यात कंपनीच्या आग्रहावरून मीही क्लाउडच्या परीक्षेला बसत होतो. आता केंद्रावर जावं लागत नाही, परीक्षा घरातच. कुठल्यातरी खंडातला एक पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून आपल्याकडे बघत बसतो. त्याने टेबल रिकामं करायला लावलं, खोलीच्या चारी भिंती दाखवायला लावल्या, मागचं कालनिर्णय उतरवायला लावलं. खोलीत कोणी येता कामा नये, म्हणून आईला शेजारच्या काकूंकडे पाठवलं होतं आणि कुकरला सुट्टी दिली होती. नेटवर्कचा एक प्रश्न आला. नकळत मी पुटपुटायला लागलो, प्लीज डू नॉट थ्रो... लगेच पडद्यावर ताकीद आली की ओठ हलवू नका. घोकून मोठ्या झालेल्या माणसाला ओठ न हलवता विचार करायला सांगणं हा अन्याय आहे. पण तक्रार करायची तर ओठ हलवावे लागले असते.

पास झालो. आई आली तेव्हा मी प्रमाणपत्राची प्रिंट काढत होतो. तिने चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. मागची बाजू कोरी.

‘छान आहे. दे, कोपऱ्यावरून लॅमिनेट करून आणते. केव्हापर्यंत चालतं हे?’

‘एक वर्ष.’

‘मग?’

‘मग ऑनलाइन परत एक छोटी परीक्षा. पुढे परत एक वर्ष.’

आईने कागद माझ्या हातात दिला. ‘मग राहू दे. लॅमिनेशनचे पैसे उगाच कशाला घालवायचे?’