केचिकनला पंचनामा होत नाही

ज्यांची पोरं सिएटलला असतात, त्या आई-वडिलांना हल्ली बोटीत बसवून अलास्का दाखवल्याशिवाय परत पाठवत नाहीत. आमच्या मुखेडचे एक रिटायर्ड सर परवा असेच जाऊन आले. बोट केचिकन बंदराला लागली आणि सरांच्या पोरानं माणशी शंभरावर डॉलर मोजून आई-बापाला पावसात फिरण्याचं तिकीट काढून दिलं. तिकिटावर अर्थात ‘वर्षावनातील निसर्गफेरी’ असं लिहिलेलं. पाऊस आला तरी फेरी रद्द नाही, पैसे परत नाहीत. पाऊस भाड्यातच धरलेला.

तीन तास सर टोंगासच्या जंगलात लाकडी फळ्यांवरून भिजत चालले. अंगात प्लॅस्टिकचा झगा. युरियाच्या रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतली की आपली खोळ होते; तिलाच बाह्या शिवल्या आणि पाठीवर बोटीचं चित्र छापलं, बस्स. स्प्रूसची झाडं बघितली, गरुड बघितला, अस्वल काही भेटलं नाही. इथवर आमची तक्रार नव्हती. हौसेला मोल नाही, आणि डॉलर पोराचे. पण सरांनी ग्रुपवर जो फोटो टाकला, त्यात ते पर्जन्यमापकाला खेटून उभे आहेत. आणि चक्क हसताहेत!

केचिकनच्या गोदीवर माणसाहून उंच पर्जन्यमापकाचा फलक उभा केला आहे. तिथं वर्षाला सरासरी दीडशे इंच पाऊस पडतो, १९४९ साली तर दोनशे दोन इंच पडला. आपल्या नांदेड जिल्ह्याची वर्षाची नऊशेएक मिलीमीटरची बेगमी तिथं सरासरीनं तीन महिन्यांत उरकते. आणि बोटीतून उतरलेली माणसं त्या आकड्याशेजारी फोटो काढून घेतात. पर्जन्यमापकाजवळ उभं राहून दात काढणारा मुखेडचा माणूस आम्ही जन्मात पहिल्यांदा बघितला.

आपलं पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी कुठल्या तरी कुंपणात असतं. चोवीस तासांत पासष्ट मिलीमीटरच्या वर गेलं तर अतिवृष्टी, खाली राहिलं तर नुसता पाऊस. साडेचौसष्टला बुडालेलं सोयाबीन हे बुडालेलं नसतं, ते फक्त ओलं असतं. शिवाय ढगाला मंडळाची हद्द कळत नाही. तो बिचारा शिवारात ओततो आणि भांड्यापाशी आल्यावर शिंतोडे उडवून पुढं जातो.

आम्ही सरांना फोन लावला. “सर, तिथं पासष्टच्या वर गेल्यावर काय भेटतंय?” सर म्हणाले, “काय भेटतंय? छत्र्या उघडतेत.”

हे ऐकल्यापासून झोप नाही. केचिकन आपल्या तालुक्यात असतं तर? वरचेवर अतिवृष्टी! पंचनाम्याला माणूस येणार, पण रस्ता वाहून गेल्यामुळं तो डांबरी सडकेवरूनच जंगलाकडं बघणार. स्प्रूसचं नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर आहे का? उभं झाड बाद. आडवं झालेलं झाड सातबाऱ्यावर होतं का? नव्हतं, मग तेही बाद. अस्वलानं आधार कार्ड बँकेला जोडलं आहे का? अंगठा उमटत नसेल तर केस कापून या. साल्मन मासे पाण्यातच असतात, तेव्हा पाण्यानं त्यांचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही. गरुडाचा अर्ज आला, पण घरटं जमिनीपासून वर असल्यानं पुराच्या निकषात बसत नाही. शेवटी पुढारी येणार, बांधावर उभं राहून झग्यात फोटो काढणार, आणि सगळ्या जंगलाला हेक्टरी ८,५०० रुपये जाहीर होणार, तेही दोन हेक्टरांपर्यंत. त्यातही केवायसी राहिलेली झाडं पुढच्या यादीत.

बोट आमच्याकडंही आली होती, हे सरांनी त्या ग्रुपवर लिहायला हवं होतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये, सतराच्या रात्री, मुक्रमाबादच्या बाजूला दोनशे मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळला आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यात गेली. माणसं रात्रभर अडकून पडली. सकाळी बोटी आल्या त्या त्यांना काढायला. तिकीट नव्हतं, झगा नव्हता, वाटाड्या नव्हता. हसनाळला माणसं गेली, दावणीची जनावरं दावणीलाच गेली. आणि त्या दिवशी मात्र आमचं पर्जन्यमापक अगदी खरं बोललं! माणूस मरेपर्यंत पडल्यावर आकडा भरतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. आमचं भांडण त्याच्या अलीकडच्या पावसाशी आहे. रोज चाळीस, पन्नास, साठ असा जो पडत राहतो, काळ्या रानाला वाफसा म्हणून येऊ देत नाही, झाडावरच उडदा-मुगाच्या शेंगांना कोंब फोडतो, त्याचं काय करायचं? तो साला पासष्टला शिवत नाही. पीक कुजवतो आणि कागदावर सज्जन राहतो.

तेव्हा मुखेडच्या बसस्टँडसमोर असाच माणसाहून उंच पर्जन्यमापक उभा करावा, पासष्टवर लाल रेघ ओढावी. फोटो आम्हीही काढू, झगे आमच्या घरी आहेत. रोज सकाळी आकडा वाचायला कुणालाही नेमा, शिक्षणाची अट नको, वयाची नको. फक्त त्याची स्वतःची दोन एकर सोयाबीन त्याच मंडळात असावी.