बाकावरचे पंचकाका

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस उतरून, रिक्षावाल्यांचा पुकारा चुकवीत, इमारतींची रांग सरून केळीच्या वाड्या सुरू होतात त्या ठिकाणी ज्याला एकाएकी हवापालट झाल्याचा भास होतो, तो गासला पोहोचला असे समजावे. आणि चर्चची सांजेची घंटा होऊन गेल्यावर किराणा दुकानासमोरच्या सिमेंटच्या बाकावर उजवा पाय डाव्या मांडीवर टाकून बसलेल्या, सदऱ्याच्या खिशात दोन पेने आणि एक शिट्टी बाळगणाऱ्या गृहस्थांनी ज्याला ‘‘बसा मास्तर, पहिला क्वार्टर आत्ताच सुरू झालाय,’’ असे म्हणून जागा करून दिली, तो पंचकाकांच्या तावडीत सापडला असे समजावे. (‘क्वार्टर’ हा शब्द ऐकून एखादा नवखा मनुष्य भलत्याच आशेने शेजारी टेकतो, आणि तास-दीड तासाने कोरड्या घशानेच उठतो, ही गोष्ट वेगळी.)

त्यांचे खरे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असा एक इसम वसईच्या प्रत्येक आळीत आणि विरार लोकलच्या प्रत्येक डब्यात रुजू असतोच. आमच्या वाट्याला आलेला इतरांपेक्षा किंचित अधिक पद्धतशीर आहे, इतकेच. ‘पंच’ ही उपाधी त्यांना दोन बाजूंनी चिकटली आहे. एक बाजू खेळाची, तिच्याकडे मी येईनच. दुसरी अशी, की ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे यांची मोट बांधून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, गावोगावच्या ग्रामपंचायतींची दफ्तरे गाडीत भरून नेण्यात आली, आणि तेव्हापासून रस्त्यावरचा दिवा, गटाराची फरशी व दोन भावांमधल्या कुंपणाचा तंटा यांपैकी कोणत्याही बाबतीत दाद मागायला गावात जवळचा असा माणूस उरला नाही. बाक मात्र होता, आणि बाकावर काका होते. पंचायत गेली, पंच राहिले.

मुंबईच्या एका सरकारी कचेरीत बारनिशी कारकून म्हणून त्यांनी तीस-पस्तीस वर्षे काढली. येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायचा, जाणाऱ्यावर जावक क्रमांक घालायचा आणि मधल्या मजकुराशी आपला संबंध नाही असे मानायचे, ही त्या खात्याची शिस्त त्यांनी निवृत्तीनंतर उलटी फिरवली: आता ते फक्त मधल्या मजकुराशी संबंध ठेवतात, तो कोठून आला व कोठे गेला याची चौकशी करू देत नाहीत. कोणतीही बातमी त्यांच्यापाशी दाखल झाली, की तिला तीनपैकी एका खात्यात वर्ग केले जाते. ती खाती म्हणजे कॉलेजचा बास्केटबॉल, राज्याचे राजकारण आणि अनुबोधपट. डॉक्युमेंटरीला ते अजून अनुबोधपटच म्हणतात. सुनेच्या बाळंतपणाची वार्तासुद्धा मी बास्केटबॉलच्या खात्यात जमा झालेली पाहिली आहे (‘‘टाइमआउट संपला, पोरगी झाली’’).

बास्केटबॉलशी त्यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. मुंबईत शिकत असताना, शरीराची उंची हा एकमेव गुण पाहून, त्यांना महाविद्यालयाच्या संघात घेण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षे ते राखीव खेळाडू म्हणून संघाबरोबर गेले. आणि या तीन वर्षांत मैदानात उतरण्याचा हुकूम त्यांना एकदाही झाला नाही. दुसरा एखादा हिरमुसला असता. काकांनी बाकावर बसून नियमांचे पुस्तक पाठ केले. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंच, कड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, हे आकडे ते अशा आत्मीयतेने सांगतात, की ऐकणाऱ्याला ते स्वतःच्या वाडीचा सातबारा वाचत आहेत असे वाटावे. चेंडू हातात आला नाही म्हणून तो सुटण्याचाही प्रश्न आला नाही; त्यामुळे त्यांची कारकीर्द निष्कलंक राहिली. आणि बाक तो काय, त्या वेळी लाकडाचा होता, आता सिमेंटचा आहे.

या खेळाचा इतिहास ते मावशीला सांगत होते तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे आहे. मावशी म्हणजे पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारात जाणाऱ्या आमच्या आळीतल्या बाई. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड गावी नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने थंडीत कोंडलेल्या पोरांचा दंगा आवरण्यासाठी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ सुरू केला. नियम तेरा, खेळाडू बाजूला नऊ-नऊ. टोपल्यांना बूड असल्यामुळे गुण झाला की चेंडू वरच अडकायचा आणि शिडी लावून काढावा लागायचा. पहिल्या सामन्यात शिडी एकदाच लागली, कारण तो १–० असा सुटला. पुढे बूड काढून टाकण्यात आले आणि खेळाला वेग आला. मावशीने हे सारे टोपली डोक्यावरून न उतरवता ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘टोपलीचं बूड काढून धंदा वाढला? असं कसं होईल?’’ काका क्षणभर थबकले. मग म्हणाले, ‘‘सरकारी योजनेचं बघ ना. वरून टाकतात, खाली कुणाच्या हाताला काही लागत नाही, पण गुण तर मोजले जातातच.’’ मावशीला ते पटले. मला अजून नीट पटलेले नाही. तरी गोष्ट बास्केटबॉलच्या खात्यातून राजकारणाच्या खात्यात किती अलगद वर्ग झाली, हे पाहून मी थक्क झालो.

राजकारणात काका कोणत्याही पक्षाचे नाहीत, हे पंचाच्या पदाला शोभेलसेच आहे. पण शिट्टी सर्वांवर फुंकतात. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी राजभवनात उरकलेल्या शपथविधीवर त्यांची हरकत नैतिक नव्हती, ती तांत्रिक होती: ‘‘प्रेक्षक गॅलरीत यायच्या आत नाणेफेक करून सामना सुरू केला. म्हणून तर चौथ्या दिवशी गुंडाळावा लागला.’’ जून २०२२ मध्ये आमदारांचा जथा सुरतेस गेला, तेथून गुवाहाटीस आणि परतीच्या वाटेवर गोव्यास, तेव्हा संबंध महाराष्ट्र पक्षांतरबंदीचा कायदा चाळीत होता. आमच्या बाकावर प्रकरण एकाच रात्रीत निकालात निघाले. ‘‘याला ट्रॅव्हलिंग म्हणतात,’’ काका म्हणाले. ‘‘चेंडू हातात असताना एक पाय जमिनीला खिळलेला पाहिजे. त्याला पिव्हट म्हणायचं. दुसरा पाय कुठंही फिरवा, कोण विचारतो? पण खिळलेला पाय उचलून चालायला लागलात की झालं. सुरत एक पाऊल, गुवाहाटी दोन.’’ कोणी तरी मध्येच ‘म्हणजे फाउल’ असे म्हणाले. काकांचा चेहरा बारनिशीत चुकीचा क्रमांक पडल्यासारखा झाला. ‘‘फाउल नव्हे, नियमभंग. फाउल माणसावर होतो, नियमभंग खेळावर. नियमभंगाची सजा एवढीच, की चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो.’’ आणि थोडे थांबून, खिन्नपणे: ‘‘इथं चेंडूही त्यांच्याच हातात राहिला.’’

तालुक्याच्या राजकारणावर बोलताना मात्र त्यांची वाणी अधिक सावध होते, कारण येथे उपमा आणि वस्तुस्थिती यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. वसईत ज्यांचा दीर्घकाळ अंमल चालला त्या बहुजन विकास आघाडीची निशाणीच मुळी शिट्टी. ‘‘दोन संघ खेळताहेत आणि पंचाची शिट्टी त्यांतल्या एकाच्या झेंड्यावर. आता निकाल काय लागायचा?’’ २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत आघाडीला शिट्टी मिळाली नाही, रिक्षा मिळाली. तेव्हा काकांनी खिशातली शिट्टी बाहेर काढून ती आता पुन्हा निष्पक्ष झाली असे रीतसर जाहीर केले. २००९ साली विवेक पंडितांनी अपक्ष उभे राहून आघाडीकडून वसईची जागा घेतली, पुढच्या खेपेस हितेंद्र ठाकुरांनी ती परत मिळवली, आणि २०२४ मध्ये पंडितांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित यांनी भाजपतर्फे ठाकुरांना सुमारे तीन हजार मतांनी हरवले, हा सगळा इतिहास काका एका शब्दात बसवतात. तो शब्द ‘रिबाउंड’. ‘‘कड्याला लागून उडालेला चेंडू खाली यायला वेळ लागतो. पंधरा वर्षं लागली. पण घरातलंच कुणी तरी खाली उभं पाहिजे.’’

तीन गुणांच्या रेषेबद्दल त्यांना मनापासून राग आहे. त्यांच्या वेळी ती नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ मध्ये आली. जवळ जाऊन, धक्के खाऊन, कोपर लावून घेऊन जो चेंडू टाकतो त्याला दोन गुण, आणि लांब उभा राहून फेकतो त्याला तीन, ही व्यवस्था ज्या दिवशी खेळात आली त्याच दिवसापासून राजकारणात फेकणाऱ्यांचे दिवस आले, असा त्यांचा ठाम सिद्धांत आहे. चोवीस सेकंदांच्या नियमावर मात्र ते लुब्ध आहेत. चेंडू ताब्यात आल्यापासून चोवीस सेकंदांत तो कड्याकडे टाकलाच पाहिजे. पूर्वी तीस सेकंद मिळत, २००० साली मुदत आणखी घटवली. ‘‘हे घड्याळ मंत्रालयावर लावा,’’ असे ते म्हणतात. २९ गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना २०११ मध्ये निघाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तारखा पडल्या, तहकुबी झाल्या, आणि २०२४ मध्ये शासनाने ती अधिसूचनाच रद्द करून टाकली, हा कज्जा त्यांच्या मते तेरा वर्षे नुसते ड्रिबलिंग करून चेंडू शेवटी आपल्याच गटारात टाकण्याचा जागतिक विक्रम आहे. हे सांगायला त्यांना स्वतःला चाळीस मिनिटे लागतात. त्यांच्यावर घड्याळ लावण्याची सूचना एकदा कॉलेजात खेळणाऱ्या एका पोराने केली होती. तो हल्ली दुसऱ्या दुकानातून किराणा आणतो.

उरला अनुबोधपट. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे थिएटरांना बंधनकारक होते त्या काळात काका वाढले. लोक त्या वेळी बाहेर बटाटेवडा खात उभे असत, काका तेवढे आत बसत, कारण तिकिटाचे पैसे दोन्हींचे दिले आहेत असा त्यांचा हिशेब. या विषयावरची त्यांची हुकमी सनद म्हणजे सावेदादा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. हेच परांजपे पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. ‘‘आता सांगा मास्तर, पहिली फिल्म कशाची? खेळाची. आणखी एका फिल्ममधला कोण? होणारा मंत्री. कॉलेजातला हुशार पोरगाही तोच. तिन्ही विषय एका मराठी माणसाच्या कॅमेऱ्यात मावले, आणि मी एका बाकावर मांडले तर तुम्ही मला विषयांतर करतो म्हणता!’’ या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

एका रात्री मात्र खाती उघडली गेली नाहीत. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ कोणी तरी पोराने काकांना लॅपटॉपवर दाखवला होता. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली, तेथपासून चौदा वर्षे चित्रण करीत तो सिद्ध झाला. तीन तासांहून मोठा तो चित्रपट ते न उठता पाहून आले आणि बाकावर बसले. आम्ही उपमेची वाट पाहत होतो. ‘‘चौदा वर्षं तो माणूस ऐकत होता,’’ एवढेच म्हणून ते लवकर घरी गेले.

या पार्श्वभूमीवर, गेल्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाची चार मुले बावखलांवर, म्हणजे वाड्यांतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, अनुबोधपट काढण्यासाठी कॅमेरा घेऊन गासमध्ये आली आणि ‘कोणी जाणकार आहे का’ असे त्यांनी नेमके त्या दुकानातच विचारले, तेव्हा काय घडले असेल याची कल्पना वाचकांस करता येईल. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. मुलांना ते वाडीतल्या बावखलापाशी घेऊन गेले. शेवाळाची हिरवी साय, काठावर वाकलेले माड, कडेच्या चिखलात उमटलेली बगळ्याची पावले, आणि एका बाजूला जुन्या रहाटाचा दगडी चौथरा, ज्याभोवती रेडा फिरून फिरून जमिनीत पडलेले वर्तुळ गवतातून अजून दिसते. तेथे उभे राहून काकांनी जे भाषण सुरू केले त्यात गोड्या पाण्याचे झरे, टँकरवाल्यांनी उपसलेल्या विहिरी, हरित वसईचा लढा, फादर दिब्रिटोंचे भाषण ऐकायला आपण कोठे उभे होतो ते ठिकाण, रेड्याचा पिव्हट, नेस्मिथची टोपली आणि सावेदादा हे सर्व क्रमाने येऊन गेले. दोन तास दहा मिनिटे. मुलांच्या कॅमेऱ्याची बॅटरी दोनदा बदलावी लागली. चौथी त्यांच्याजवळ नव्हती, म्हणूनच आम्हाला त्या दिवशी जेवायला मिळाले.

चित्रपट पुरा झाल्यावर मुलांनी तो गावाला दाखवला; पडदा म्हणून चादर, खुर्च्या चर्चच्या. काका पहिल्या रांगेत, मावशी मागे टोपलीवर. बावखल आले, माड आले, बगळाही आला. मागे एका मुलीचा गोड आवाज माहिती सांगत होता. आणि मग काका आले. ते बावखलाकडे हात करून बोलत होते. ओठ हलत होते, हात रहाटासारखा फिरत होता, पण आवाज त्यांचा नव्हता, त्या मुलीचा होता, आणि ती भूजलाच्या पातळीविषयी बोलत होती. बघता बघता काका गेले आणि शेवाळ आले.

दिवे लागल्यावर त्यांच्याकडे पाहण्याचा कोणालाच धीर होईना. मुले तर चप्पल शोधण्याच्या निमित्ताने लांबच राहिली. काका मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसले होते. मग वळून मला म्हणाले, ‘‘मोजले मास्तर. एकोणीस. पाच सेकंद हातात राखून टाकला.’’